कॉम्प्युटर चालू होत नाही? दुकानात नेण्याआधी घरीच शोधा बिघाड नेमका कुठे आहे

पीकविम्याचा फॉर्म भरायचा शेवटचा दिवस आणि नेमका त्याच दिवशी कॉम्प्युटर रुसतो. तालुक्याला नेला की ‘मदरबोर्ड गेलाय’ असं ऐकायला मिळतं आणि खर्च हजारांत जातो. पण कधी कधी दोष असतो तो रॅमवरच्या धुळीचा, ढिल्या वायरीचा किंवा एका छोट्या सेलचा. सुटे पार्ट घेऊन जोडलेल्या, म्हणजे असेंबल्ड पीसीचा फायदा हाच की प्रत्येक पार्ट वेगळा काढून तपासता येतो. नियम एकच : फुकटात तपासता येईल ते आधी, महागाच्या पार्टवर संशय सगळ्यात शेवटी.

हात लावण्याआधी
बोर्डातून प्लगच काढा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. मग कॅबिनेटचं पॉवर बटण काही सेकंद दाबून धरा. आतल्या पार्टला हात लावण्याआधी कॅबिनेटच्या उघड्या लोखंडाला हात लावा. अंगावरच्या स्थिर विजेनेही चिप खराब होऊ शकते. एसएमपीएसचा डबा मात्र कधीही उघडू नका. प्लग काढल्यावरही त्यात जीवघेणा करंट साठून राहू शकतो.

१) बटण दाबलं, पण काहीच हालचाल नाही
त्याच सॉकेटला मोबाईलचा चार्जर लावून लाईट येते का पाहा. एसएमपीएसच्या मागचा छोटा स्विच चालू आहे ना? मॉनिटरची पॉवर केबल बहुतेक वेळा तशीच असते, ती लावून बघा. आत मदरबोर्डला जाणारी २४ पिनांची मोठी वायर आणि प्रोसेसरजवळची ४ किंवा ८ पिनांची वायर काढून पुन्हा घट्ट बसवा. कधी कधी बटणच खराब असतं. अशा वेळी रीसेट बटणाची वायर पॉवरच्या पिनांवर लावा आणि रीसेट दाबून पाहा. तरीही शांतच असेल, तर पहिला संशय एसएमपीएसवर.

२) पंखा फिरतो, स्क्रीन काळीच
वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर मॉनिटरची केबल त्या कार्डलाच हवी, मदरबोर्डला नाही. नावाच्या शेवटी ‘एफ’ असलेल्या इंटेल प्रोसेसरमध्ये आतलं ग्राफिक्स नसतंच, त्यामुळे कार्डाशिवाय चित्र येणार नाही.

त्यानंतर रॅम काढा. तिच्या सोनेरी पट्टीवर खोडरबर हलक्या हाताने फिरवा, कण पुसून टाका आणि दोन्ही बाजूंनी ‘टक्’ आवाज येईपर्यंत बसवा. दोन रॅम असतील तर एकेक लावून, स्लॉट बदलून पाहा. बीपचा आवाज येत असेल तर तो कसा आणि किती वेळा येतो ते लिहून ठेवा. बऱ्याच नव्या मदरबोर्डवर चार छोटे दिवे असतात. जो पेटून राहतो, अडचण त्या भागाकडे आहे.

३) चालू होतो, पण थोड्या वेळाने बंद पडतो
हे तापण्याचं लक्षण असू शकतं. प्रोसेसरवरचा पंखा फिरतो का, जाळीत धूळ अडकली आहे का पाहा. धूळ ब्लोअरने उडवताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा. पीसी जुना असेल तर प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट वाळलेली असू शकते, ती बदलून घ्या.

४) तारीख-वेळ सारखी मागे जाते
मदरबोर्डवरचा ‘सीआर २०३२’ हा ३ व्होल्टचा गोल सेल संपला. तो घड्याळाच्या दुकानातही मिळतो. तारीख चुकली की अनेक वेबसाइट उघडत नाहीत आणि आपल्याला वाटतं नेटच बंद आहे.

५) हँग होतो, निळी स्क्रीन येते
स्टार्टमध्ये ‘विंडोज मेमरी डायग्नोस्टिक’ शोधा आणि रॅम तपासा. हार्ड डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर आधी फोटो, कागदपत्रं, हिशेब दुसरीकडे उतरवून घ्या. डिस्क नवी मिळते, त्यातला डेटा मिळत नाही.

लाईट आणि अर्थिंग
कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येतात? मग घराचं अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्या, तोवर पीसी वापरू नका. पीसी फक्त संध्याकाळी, गावात मोटारी चालू असतानाच रीस्टार्ट होत असेल, तर आधी व्होल्टेज मोजून घ्या.

दुकानात नेताना
एका वेळी एकच गोष्ट बदला आणि लगेच चालवून पाहा. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर दोष कशात होता ते कळत नाही. काय काय तपासलं ते कागदावर लिहून न्या. असेंबल्ड पीसीत प्रत्येक पार्टची वॉरंटी वेगळी असते, म्हणून सगळी बिलं सोबत ठेवा. पीसी देण्याआधी पार्टवरच्या सिरीयल नंबरचे मोबाईलवर फोटो काढा आणि बदललेला जुना पार्ट परत मागून घ्या. बदलायला सांगितलेला पार्ट खरंच गेलाय का, हे दुसरा चांगला पार्ट लावून समोर दाखवायला सांगा. पैसे त्यानंतरच द्या.