चालीमागचे शब्द: अँडी राझाफ आणि स्विंगकाळातील गीतलेखनाचा व्यवसाय

साधारणपणे १९३५ ते १९४५ या दशकात अमेरिकेच्या लोकप्रिय संगीतावर स्विंगचे राज्य होते. पितळी वाद्ये, सॅक्सोफोन आणि तालवाद्ये वाजवणाऱ्या बारा-पंधरा वादकांचा ताफा, आधी लिहून काढलेल्या मांडणीनुसार आणि नाचणाऱ्यांच्या पावलांना साथ देईल अशा झुलत्या लयीत जे जॅझ संगीत वाजवी, त्याला स्विंग हे नाव मिळाले. या काळाचा इतिहास बहुधा ताफ्यांच्या प्रमुखांच्या नावांनी सांगितला जातो. बेनी गुडमन, ड्यूक एलिंग्टन, काउंट बेसी, ग्लेन मिलर ही नावे पुढे येतात, त्यांच्यामागून गायक-गायिका येतात, मग कधीतरी संगीतकार येतो, आणि ज्याने त्या चालींना शब्द दिले त्याचे नाव छापील स्वरलिपीच्या मुखपृष्ठावर बारीक अक्षरांत राहून जाते. अँडी राझाफ हा अशा गीतकारांपैकी सर्वांत महत्त्वाचा कृष्णवर्णीय गीतकार होता. 'एन्ट मिसबिहेविन', 'हनीसकल रोझ', 'ब्लॅक अँड ब्लू', 'मेमरीज ऑफ यू' ही गाणी त्याची आहेत, आणि 'स्टॉम्पिन ॲट द सव्हॉय' व 'इन द मूड' या स्विंगच्या दोन अतिप्रसिद्ध रचनांनाही त्यानेच शब्द दिले. एवढी कामगिरी असलेला माणूस स्वतःच्या हयातीतच विस्मरणात कसा गेला, याचे उत्तर त्याच्या प्रतिभेत शोधून सापडत नाही; ते त्या काळच्या गीतव्यवसायाच्या रचनेत शोधावे लागते.

त्याचे मूळ नाव आंद्रियामानान्तेना पॉल राझाफिन्कारेफो. त्याचा आजा, म्हणजे आईचा बाप, जॉन वॉलर हा गुलामगिरीत जन्मलेला आणि पुढे वकील, वृत्तपत्रकार व राजकीय कार्यकर्ता झालेला गृहस्थ १८९१ मध्ये मादागास्कर बेटावर अमेरिकेचा वाणिज्यदूत म्हणून गेला. तेथे त्याची मुलगी जेनी हिचा विवाह राणी रानाव्हालोना तिसरी हिच्या घराण्यातील एका पुरुषाशी झाला. १८९५ मध्ये फ्रेंच फौजांनी बेटावर स्वारी केली. त्या धामधुमीत जेनीचा पती मारला गेला, वॉलरला फ्रेंचांनी अटक करून वीस वर्षांची शिक्षा ठोठावली आणि गरोदर जेनी अमेरिकेत परतली. १६ डिसेंबर १८९५ रोजी वॉशिंग्टन शहरात तिने मुलाला जन्म दिला. वॉलरची पुढच्याच वर्षी सुटका झाली, परंतु मादागास्करचे राज्य गेले ते गेलेच. राजघराण्याचा वारसा आणि गुलामगिरीची आठवण या दोन्ही गोष्टी ज्या घरात एकत्र नांदत होत्या, त्या घरात वाढलेल्या मुलाला आपल्या समाजाच्या मानापमानाची जाण फार लवकर आली, आणि ती पुढे त्याच्या हलक्याफुलक्या गाण्यांतही डोकावत राहिली.

शाळा सोळाव्या वर्षी सुटली. न्यूयॉर्कमध्ये मिळेल ते काम करीत असताना त्याला एका इमारतीत लिफ्ट चालवण्याची नोकरी लागली. त्या इमारतीत संगीत-प्रकाशकांच्या कचेऱ्या होत्या. मॅनहॅटनमधील ज्या भागात असे प्रकाशक एकवटले होते त्याला टिन पॅन ॲली म्हणत, आणि पुढे तेच नाव अमेरिकेच्या साऱ्या गीतव्यवसायाला चिकटले. ध्वनिमुद्रिका आणि रेडिओ घरोघर पोहोचण्यापूर्वी गाणे विकले जाई ते छापील स्वरलिपीच्या रूपात. ज्या घरी पियानो असे तेथे ही चार-सहा पानांची पुस्तिका येई. १९१३ मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, राझाफचे एक गाणे 'द पासिंग शो ऑफ १९१३' या ब्रॉडवेवरील रंगमंचीय कार्यक्रमात घेतले गेले. तथापि त्यानंतरची कित्येक वर्षे त्याला या व्यवसायात स्थिर जागा मिळाली नाही. याच काळात त्याने कविता लिहिल्या, आणि त्या ह्यूबर्ट हॅरिसनच्या 'द व्हॉइस'सारख्या, कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी उघड झगडणाऱ्या पत्रांत छापून आल्या. राझाफकडे केवळ मनोरंजनाचा कारागीर म्हणून पाहणाऱ्यांनी या कवितांकडे दुर्लक्ष केले आहे; वास्तविक त्याच्या गीतांतील धार कोठून आली हे त्यांवाचून कळत नाही.

गीतकाराला पैसे कसे मिळत हे येथे समजून घेणे आवश्यक आहे. गीतकार आणि संगीतकार गाण्याचे हक्क प्रकाशकाच्या नावे करीत आणि त्या बदल्यात खपलेल्या प्रत्येक प्रतीमागे ठरलेला वाटा, म्हणजे रॉयल्टी, घेत. १९०९ च्या स्वामित्वहक्क कायद्याने ध्वनिमुद्रणासाठी प्रत्येक गाण्यामागे, प्रत्येक प्रतीला दोन सेंट असा दर घालून दिला होता, आणि ही रक्कम प्रकाशक व गाण्याचे कर्ते यांच्यात वाटली जाई. गाणे नाट्यगृहात, हॉटेलात किंवा रेडिओवर सादर झाले तर त्याचे शुल्क गोळा करण्यासाठी १९१४ मध्ये 'ॲस्कॅप' ही संगीतकार, गीतकार व प्रकाशक यांची संघटना स्थापन झाली. ही व्यवस्था कागदावर न्याय्य दिसते. प्रत्यक्षात ज्याला आज भाडे भरायचे आहे तो उद्याच्या रॉयल्टीची वाट पाहू शकत नाही; म्हणून न्यूयॉर्कच्या हार्लेम या कृष्णवर्णीय वस्तीतील रचनाकार अनेकदा पंचवीस-पन्नास डॉलर घेऊन गाणे कायमचे विकून टाकत, आणि गाणे गाजले की सारा लाभ खरेदीदाराकडे जाई. राझाफचा जिवलग सहकारी फॅट्स वॉलर याने आपल्या अनेक गाण्यांचे हक्क असेच एकरकमी, अत्यल्प किमतीत विकले. याशिवाय ताफ्याच्या प्रमुखाचे किंवा प्रकाशकाचे नाव सहकर्ता म्हणून घालण्याची प्रथा होती. गाणे वाजवले जावे यासाठी मोजलेली ती किंमतच होती.

वॉलर आणि राझाफ यांची जोडी १९२० नंतरच्या दशकात जमली. वॉलर हा हार्लेमच्या स्ट्राइड पद्धतीचा पियानोवादक होता. या पद्धतीत डावा हात खालचा स्वर आणि वरचा स्वरसमूह यांत सतत झेपावत ताल धरतो आणि उजवा हात मोकळेपणाने चाल खेळवतो. त्याला चाली झपाट्याने सुचत, परंतु कामाला बसवणे कठीण. न्यू जर्सीतील ॲसबरी पार्क येथे राझाफच्या आईच्या घरी त्याला उत्तम जेवणाच्या आमिषाने नेले जाई आणि तेथे गाणी पुरी करून घेतली जात, असे राझाफ पुढे सांगत असे. चाल आधी आणि शब्द नंतर, हाच बहुधा क्रम असे. त्या काळच्या गाण्याचा मुख्य भाग सामान्यतः बत्तीस मात्राखंडांचा असे: आठ-आठ खंडांचे चार तुकडे, त्यांतील पहिला, दुसरा आणि चौथा एकाच चालीचा, तिसरा वेगळ्या चालीचा. एवढ्या अरुंद जागेत प्रसंग उभा करायचा, बोलणाऱ्याचा स्वभाव दाखवायचा, यमक जुळवायचे, आणि दीर्घ स्वरावर गायकाला तोंड उघडता येईल असाच शब्द ठेवायचा. 'एन्ट मिसबिहेविन'मध्ये राझाफने हे सारे असे साधले आहे की प्रेमात एकनिष्ठ राहिलेल्या माणसाचे ते घरगुती बोलणे वाटते, रचलेले गीत वाटत नाही. बोलीभाषेचा हा सहजपणा ही त्याची सर्वांत मोठी कमाई होय.

ते गाणे 'हॉट चॉकलेट्स' या रेव्ह्यूसाठी लिहिले गेले. रेव्ह्यू म्हणजे एकच कथानक नसलेला, गाणी, नृत्ये आणि विनोदी प्रवेश यांची गुंफण असलेला रंगमंचीय कार्यक्रम. तो मुळात हार्लेममधील कॉनीज इन या नाइटक्लबचा होता, जेथे कलाकार कृष्णवर्णीय असत आणि टेबलांवर बसणारे गोरे. २० जून १९२९ रोजी तो ब्रॉडवेवरील हडसन थिएटरात आला. त्यात ट्रम्पेटवादक व गायक लुई आर्मस्ट्राँग आरंभी वाद्यवृंदात बसून दोन अंकांच्या मध्ये 'एन्ट मिसबिहेविन' सादर करी, आणि त्याने प्रेक्षकांना इतके जिंकले की पुढे त्याला रंगमंचावर आणावे लागले.

परंतु या कार्यक्रमाचे ऐतिहासिक महत्त्व 'ब्लॅक अँड ब्लू'मुळे आहे. कार्यक्रमात पैसा गुंतवणारा गुंड डच शुल्ट्झ याने, सावळ्या मुलीला आपल्या रंगाची खंत वाटते अशा आशयाचे एक विनोदी गाणे हवे म्हणून राझाफला धमकावले, आणि त्या दडपणाखाली हे गाणे जन्माला आले, अशी हकीकत राझाफ सांगे. या हकीकतीचा तपशील तपासता येण्याजोगा नाही. गाण्याची रचना मात्र तिला पुष्टी देते. मुख्य भागाआधीची जी प्रास्ताविक कडवी असतात, त्यांत उजळ रंगाच्या मुलींकडे वळणाऱ्या पुरुषांविषयी एका काळ्या स्त्रीची तक्रार आहे, आणि गोऱ्या प्रेक्षकाला हसू यावे अशीच ती मांडली आहे. मुख्य भाग सुरू होताच तक्रारीचे कारण बदलते: तिथे प्रियकर उरत नाही, माणसाचा रंग हाच त्याचा गुन्हा ठरवणारे जग समोर येते. मागणी पुरी केल्यासारखे दाखवून राझाफने मागणाऱ्याच्याच पदरात आरोप टाकला. ब्रॉडवेवर एडिथ विल्सनने गायलेल्या या गाण्यात वंशद्वेषाविरुद्धचा निषेध जितका थेट उच्चारला गेला, तितका त्याआधी अमेरिकेच्या लोकप्रिय गीतात क्वचितच आला असेल.

त्याच वर्षीच्या जुलैमध्ये आर्मस्ट्राँगने ते ध्वनिमुद्रित केले तेव्हा त्याने प्रास्ताविक कडवी गाळली. त्यामुळे स्त्रीचे पात्र नाहीसे झाले आणि राहिला तो एका साऱ्या समाजाचा स्वर. १९५२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'इनव्हिजिबल मॅन' या कादंबरीच्या आरंभी राल्फ एलिसनने आपल्या निनावी नायकाला हीच ध्वनिमुद्रिका ऐकायला लावली, आणि तेव्हापासून विद्यापीठांतील चर्चेत हे गाणे आर्मस्ट्राँगचे आणि एलिसनचे म्हणून ओळखले जाऊ लागले. आर्मस्ट्राँगची काटछाट कलेच्या दृष्टीने योग्यच होती. पण जे शब्द त्याने ठेवले ते राझाफचे होते, आणि ते एलिसनच्या वीसहून अधिक वर्षे आधी, गोऱ्या प्रेक्षकांपुढे, तिकीट लावून उच्चारले गेले होते, हे नोंदवले जायलाच हवे.

राझाफचे सगळेच लेखन या उंचीचे नाही. ब्लूज गायिकांसाठी त्याने द्व्यर्थी गाणी पुष्कळ लिहिली. ज्यात वरवर स्वयंपाकाचे किंवा घरकामाचे वर्णन असते आणि आतून शृंगाराचे, असा हा प्रकार. बेसी स्मिथने १९२९ मध्ये गायलेले 'किचन मॅन' त्यातले प्रसिद्ध. ही मागणीनुसार पुरवलेली गाणी होती आणि त्यांतील चातुर्य लवकर संपते. याउलट १९३० मध्ये हार्लेमच्या स्मॉल्स पॅरडाइझ या क्लबसाठी जेम्स पी. जॉन्सनबरोबर केलेला 'किचन मेकॅनिक्स रेव्ह्यू' अधिक लक्ष देण्याजोगा आहे. स्वयंपाकीण, मोलकरीण, हमाल यांनाच त्याने प्रेमगीतांचे नायक-नायिका केले, आणि एका हमालाने हॉटेलातील मोलकरणीला घातलेली लग्नाची मागणी झाडू, बादली आणि भांड्यांच्या भाषेत मांडली. त्या काळच्या रंगमंचावर कृष्णवर्णीय नोकर हा हसण्याचा विषय होता. येथे त्याच्या कामालाच प्रेमाची प्रतिमा केले आहे. त्याच वर्षी यूबी ब्लेकच्या चालींवर 'ब्लॅकबर्ड्स ऑफ १९३०'ची गाणी लिहिली गेली, ज्यांतील 'मेमरीज ऑफ यू' पुढे बेनी गुडमनच्या क्लॅरिनेटमुळे चिरंजीव झाले.

१९३० नंतरच्या आर्थिक मंदीने हार्लेमचे रेव्ह्यू बंद पाडले आणि स्विंगच्या उदयाबरोबर गीतकाराचे काम बदलले. आता गाणे आधी वादकांच्या ताफ्यातून जन्माला येई. एखादा छोटा स्वरतुकडा, ज्याला रिफ म्हणतात, पुन्हा पुन्हा वाजवून रचना उभी राही, नाचघरात ती गाजे, आणि मग प्रकाशक तिच्यासाठी शब्द मागे. गळ्यासाठी नव्हे तर सॅक्सोफोनसाठी घडलेल्या अशा चालीवर शब्द बसवणे हे अवघड काम होते, कारण तिच्यात श्वास घ्यायला जागा नसते. 'स्टॉम्पिन ॲट द सव्हॉय' ही एडगर सॅम्पसनची रचना चिक वेबच्या ताफ्याने १९३४ मध्ये ध्वनिमुद्रित केली, गुडमनने ती देशभर नेली आणि १९३६ मध्ये राझाफने तिला शब्द दिले. छापील श्रेयात मात्र सॅम्पसनच्या बरोबरीने वेब आणि गुडमन हेही कर्ते झाले. सव्हॉय हे हार्लेममधील लेनॉक्स ॲव्हेन्यूवरचे १९२६ मध्ये उघडलेले नाचघर, जेथे काळे आणि गोरे एकाच फरशीवर नाचू शकत. कॉनीज इनसाठी राबलेल्या राझाफने त्या जागेचे गुणगान मनापासून केले असेल, असे मानण्यास जागा आहे. जो गार्लंडच्या 'इन द मूड'चे तर असे झाले की ग्लेन मिलरने १९३९ मध्ये ते शब्दांवाचूनच ध्वनिमुद्रित केले, आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळाची ओळखच होऊन बसलेल्या या गाण्याला शब्द आहेत हे कित्येक श्रोत्यांना माहीतही नसते.

या काळात टिन पॅन ॲलीचे अनेक गोरे गीतकार हॉलिवुडकडे गेले, जेथे चित्रपटसंस्था त्यांना नियमित वेतनावर ठेवीत. कृष्णवर्णीय गीतकारांना तो दरवाजा जवळजवळ बंद होता, आणि राझाफच्या उत्पन्नाला व कीर्तीला खरी उतरती कळा येथून लागली. यूबी ब्लेकबरोबर त्याने 'टॅन मॅनहॅटन' नावाचा रेव्ह्यू रचला, ज्यात कृष्णवर्णीयांच्या नागरिकत्वाचा उद्घोष करणारे 'वी आर अमेरिकन्स टू' हे गाणे होते. तो ब्रॉडवेवर पोहोचलाच नाही. १९४१ मध्ये न्यू जर्सीतील एंगलवुड येथे त्याने नगरपालिकेची निवडणूक लढवली आणि हरला. १९४३ मध्ये वॉलर अवघ्या एकोणचाळिसाव्या वर्षी वारला.

१९५१ मध्ये लॉस एंजेलिस येथे राझाफला पक्षाघाताने गाठले आणि उरलेली बावीस वर्षे त्याने अंथरुणात व चाकांच्या खुर्चीत काढली. त्या अवस्थेतही तो कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्रांत स्तंभ लिहीत राहिला. १९०९ च्या कायद्यात हक्कांची मुदत अठ्ठावीस वर्षांची होती आणि ती संपली की नूतनीकरणाचा अधिकार मूळ कर्त्याचा असे. १९२९ च्या गाण्यांची मुदत १९५७ च्या सुमारास भरली, आणि त्यांच्या नूतनीकरणाची संधी राझाफला आली. १९७२ मध्ये 'साँगरायटर्स हॉल ऑफ फेम' या गीतकार-संगीतकारांच्या सन्मानमंडळात त्याचा समावेश झाला, आणि ३ फेब्रुवारी १९७३ रोजी तो निवर्तला. पाच वर्षांनी, १९७८ मध्ये, त्याच्या गाण्याचेच नाव घेतलेला 'एन्ट मिसबिहेविन' हा रेव्ह्यू ब्रॉडवेवर आला आणि त्याने उत्कृष्ट संगीतिकेचा टोनी पुरस्कार मिळवला. त्यातील अनेक प्रमुख गाण्यांचे शब्द राझाफचे होते, आणि कार्यक्रमाची जाहिरात फॅट्स वॉलरच्या नावाने झाली.