सुरतेचा प्लेग आणि भूकंपातले धान्य

सुरत म्हटली की आपल्याला शिवाजी महाराजांची १६६४ ची स्वारी आठवते. माझ्या पिढीला १९९४ चा प्लेगही आठवतो. मी तेव्हा शाळेत होतो; इथे गोव्यातही मेलेला उंदीर दिसला की घरची माणसे दचकायची.

ही गोष्ट सांगताना लोक सुरतेतल्या पळापळीपासून सुरुवात करतात. मला ती धान्यापासून सांगावीशी वाटते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर-बीडकडची माणसे भीतीने घराबाहेर झोपू लागली, धान्य मात्र आत राहिले. राखण नसलेले धान्य म्हणजे उंदरांची दिवाळीच! एरवी उपासमारीने मरणारी पिलावळ जगली, तिच्या अंगावरच्या पिसवाही वाढल्या. रानउंदीर आणि घरउंदीर एकत्र आले. ऑगस्ट १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावी उंदीर मरून पडू लागले. आश्रय गेला तशा पिसवा माणसांकडे वळल्या, आणि गाठीचा प्लेग आला. अभ्यासकांनी मांडलेली ही साखळी मला पटते.

सप्टेंबरात सुरत. तापीचा पूर, मेलेली गुरे, कुजणारा कचरा. आणि खोकल्यातून पसरणारा फुप्फुसाचा प्लेग. तो मामल्याहूनच गेला याला पक्का पुरावा नाही. पन्नासच्या आसपास माणसे दगावली, लाखोंनी शहर सोडले.

१९९५ मध्ये एस. आर. राव महापालिका आयुक्त झाले. त्यांनी अधिकाऱ्यांना थंडगार खोल्यांतून उठवून रोज रस्त्यावर पाठवले (आम्हा कारकुनांना याचे विशेष अप्रूप!) आणि कचरा, म्हणजे उंदरांचे ताट, नियमाने उचलायला लावला. वर्ष-दीड वर्षात सुरत देशातल्या स्वच्छ शहरांत मोजली जाऊ लागली.