वाघ, श्रीकांत

वाघ, श्रीकांत : (९ ऑक्टोबर १९८८ – ). विदर्भाकडून खेळलेले डावखुरे मध्यम-जलदगती गोलंदाज. जन्म बुलढाणा येथे. चिखली, मेहकर, खामगावप्रमाणे बुलढाण्याचे क्रिकेटही विदर्भ क्रिकेट असोसिएशनच्या कक्षेत येते. संघटनेचे मुख्यालय मात्र नागपूरला. जिल्ह्यातल्या खेळाडूला रणजी संघात जागा मिळवायची, तर तीनशेहून अधिक किलोमीटर दूर जाऊन नाव कमवावे लागते.

वाघ रणजी खेळू लागले, त्या काळात विदर्भ रणजीच्या खालच्या, म्हणजे प्लेट गटात होता. १९५७-५८ पासून स्पर्धेत असूनही करंडक एकदाही हाती आला नव्हता; तो जानेवारी २०१८ मध्ये इंदूरला दिल्लीला हरवून आला. विदर्भाच्याच माऱ्यातले उमेश यादव नोव्हेंबर २०११ मध्ये कसोटीपटू झाले. वाघ यांना भारताकडून खेळण्याची संधी मिळाली नाही; त्यांची कारकीर्द रणजी, आयपीएल आणि इंग्लंडमधील क्लब क्रिकेट अशी विभागली गेली.

आयपीएल : २०११ मध्ये पुणे वॉरियर्स हा नवा संघ युवराजसिंगच्या नेतृत्वाखाली उतरला. नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर १० एप्रिलला किंग्ज इलेव्हन पंजाबविरुद्ध झालेल्या संघाच्या पहिल्याच सामन्यात वाघ यांनी १६ धावांत ३ बळी घेतले. पंजाबला ८ बाद ११२ वर रोखून पुण्याने ७ गडी राखून विजय मिळवला. सामनावीर वाघ ठरले. पुढे संघाची घडी विस्कटली आणि हंगामाअखेर तो दहा संघांत नववा राहिला.

इंग्लंड : तिथल्या लीगमधील क्लब उन्हाळ्यापुरता परदेशी व्यावसायिक खेळाडू घेतात. बाकीचा संघ बहुधा नोकरी-धंदा सांभाळून शनिवारी खेळणाऱ्या हौशी मंडळींचा. त्यामुळे बॅट आणि बॉल दोन्हींचा भार या पाहुण्यावर पडतो. भारतातील हंगाम संपल्यावर अनेक रणजीपटू ही वाट धरतात. उत्तर यॉर्कशायरमधील स्टोक्सली क्लबकडून खेळताना वाघ यांनी २०१५ मध्ये मिडल्सब्रोविरुद्ध ३९ धावांत डावातील सर्व १० गडी बाद केले.

हा सामना लीगचा असल्याने प्रथम श्रेणीच्या विक्रमात तो धरला जात नाही. डावात दहा बळींच्या भारतीय यादीत प्रेमांग्शु चटर्जी (१९५६-५७) आणि अनिल कुंबळे (१९९९) आहेत. वाघ यांच्या दहा बळींची नोंद लीगच्या धावफलकात आहे.