दुर्गांच्या सावलीतील गावे : भोर-वेल्हे परिसराच्या स्थानिक इतिहासाचा विचार

प्रस्तावना

पुणे जिल्ह्याच्या नैर्ऋत्येस असलेले भोर व वेल्हे हे तालुके मराठी वाचकाला प्रामुख्याने राजगड, तोरणा व रोहिडा या दुर्गांमुळे परिचित आहेत. या दुर्गांवर विपुल लेखन झाले आहे. गुंजवणे, भुतोंडे, बाजारवाडी, कारी किंवा कांबरे ही गावे मात्र त्या लेखनात बहुधा ‘पायथ्याचे गाव’ एवढ्याच नात्याने येतात. वस्तुतः गड उभे राहण्यापूर्वी ही खोरी नांदती होती आणि गडांचे राजकीय महत्त्व संपल्यावरही ती नांदत राहिली. या परिसराचा इतिहास गडाऐवजी गावाकडून पाहिल्यास काय हाती लागते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

अशा दृष्टीला इतिहासलेखनात आधार आहे. इटालियन इतिहासकार कार्लो गिन्झबुर्ग यांनी १९७६ मध्ये फ्रिउली प्रांतातील मोन्तेरेआले या अप्रसिद्ध गावातील एका गिरणीवाल्याच्या चौकशीच्या कागदपत्रांवरून सोळाव्या शतकातील लोकमानसाचा वेध घेतला. त्यातूनच ‘सूक्ष्म इतिहास’ ही अभ्यासपद्धती जगभर परिचित झाली. लहान गावाचा अभ्यास म्हणजे लहान प्रश्नाचा अभ्यास नव्हे, हा तिचा मथितार्थ होय.

खोरे : इतिहासाचा मूळ घटक

शिवपूर्वकाळात या प्रदेशाची ओळख खोऱ्यांनी होत असे. गुंजण मावळ, कानद खोरे, मोसे खोरे, वेळवंड खोरे, हिरडस मावळ व रोहिड खोरे ही नावे कागदपत्रांत वारंवार येतात. त्यांपैकी बहुतेक नावे नद्यांशी निगडित आहेत; गुंजवणी, कानंदी, मोसे व वेळवंडी आजही त्याच नावांनी वाहतात. देशमुखी वतने याच घटकांवर आधारलेली होती. कारीचे जेधे व उत्रवळीचे खोपडे रोहिड खोऱ्यात, बांदल हिरडस मावळात, शिळीमकर गुंजण मावळात आणि पासलकर मोसे खोऱ्यात वतनदार होते. नदीकाठची भातखाचरे, उतारावरची नाचणी-वरईची शेती आणि माथ्यावरचे धनगरवाडे अशी या खोऱ्यांची रचना आहे. रायरेश्वराच्या विस्तीर्ण पठारावरील जंगम कुटुंबांची वस्तीही याच रचनेचा भाग आहे. रायरेश्वर हे नाव शपथेच्या कथेमुळे सर्वश्रुत झाले, परंतु तेथील वस्तीचा इतिहास अभ्यासकांच्या नजरेआडच राहिला.

कारी आणि उत्रवळी

गावाकडून पाहिल्यास ज्ञात घटनाही निराळ्या दिसतात. १६५९ मध्ये अफजलखान चालून आला, तेव्हा मावळातील देशमुखांपुढे कठीण पर्याय उभा राहिला. कारीचे कान्होजी जेधे यांनी शिवाजी महाराजांची बाजू घेतली आणि त्यासाठी आपल्या वतनावर पाणी सोडले, असे जेधे करीना सांगतो. त्याच रोहिड खोऱ्यातील उत्रवळीचे खंडोजी खोपडे मात्र खानास मिळाले. पुढे कान्होजींच्या रदबदलीमुळे त्यांचे प्राण वाचले, तरी हात व पाय तोडण्याची शिक्षा त्यांना झालीच.

एकाच खोऱ्यातील या दोन घराण्यांत देशमुखीचा वाद पूर्वापार होता. तो ध्यानात घेतल्याशिवाय त्यांचे परस्परविरोधी निर्णय उलगडत नाहीत. ‘मावळ स्वराज्यात सामील झाले’ असे एका वाक्यात सांगितले जाते. प्रत्यक्षात तो निर्णय प्रत्येक गावात, प्रत्येक वतनदार घरात, स्वतंत्रपणे आणि मोठी जोखीम पत्करून घेतला गेला.

हे आपणांस कळते, ते गावातील दप्तरे टिकली म्हणून. वि. का. राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’च्या पंधराव्या खंडात रोहिड खोऱ्यातील कागद प्रसिद्ध केले, जेधे शकावली लोकमान्य टिळकांनी १९१६ मध्ये प्रकाशात आणली. म्हणजेच शिवकालाची काही अत्यंत महत्त्वाची साधने गडांवरून नव्हे, तर खोऱ्यांतील घराण्यांच्या दप्तरांतून आली आहेत.

पाण्याखालील इतिहास

शंकराजी नारायण सचिव यांच्या वंशजांचे भोर संस्थान ८ मार्च १९४८ रोजी विलीन झाले. मात्र या खोऱ्यांतील सर्वांत खोल बदल त्याआधीच सुरू झाला होता. वेळवंडीवरील भाटघर येथे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस धरण झाले आणि विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात त्याहून मोठे धरण बांधण्यात आले. पुढे आंबीवर पानशेत, मोसेवर वरसगाव, नीरेवर देवघर आणि कानंदीवर धानेप येथे धरणे झाली. या पाण्यावर नीरा कालव्यांखालील ऊसशेती आणि पुणे शहर वाढले. पाण्याखाली गेला तो खोऱ्याचा तळ, म्हणजेच जुनी गावठाणे, खाचरे, देवळे व पाणवठे. डोंगरमाथ्यावरचे गड सुरक्षित राहिले. इतिहासलेखनातील असमतोल असा भूगोलातही उतरला.

भाटघर जलाशयाला आज येसाजी कंक, वरसगावला वीर बाजी पासलकर आणि पानशेतला तानाजीसागर असे नाव आहे. वीरांचे स्मरण उचितच आहे. परंतु ज्या गावांनी असे वीर दिले, त्यांपैकी कितीतरी गावांच्या शिवारांवर आज तेच पाणी उभे आहे. उन्हाळ्यात भाटघरचे पाणी ओसरले की कांबरे येथील कांबरेश्वराचे मंदिर उघडे पडते आणि ग्रामस्थ दर्शनास जातात. इटलीच्या उत्तर सीमेवरील कुरोन हे गाव १९५० मध्ये जलाशयात गेले. पाण्याबाहेर उरलेला तेथील चर्चचा घंटामनोरा आज त्या प्रदेशाचे प्रतीक ठरला आहे आणि त्यामुळे विस्थापितांची कथाही सांगितली जाते. आपल्याकडे कांबरेश्वर हा उन्हाळ्यातील बातमीचा विषय होतो, अभ्यासाचा होत नाही.

नावांचा प्रश्न

मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वेल्हे तालुक्यास ‘राजगड’ हे नाव देण्याचा निर्णय घेतला. या नावामागील लोकभावना समजण्याजोगी आहे. इतिहासाचा विद्यार्थी मात्र एवढे नोंदवील की, राजगडाच्या डोंगराचेही मूळ नाव मुरुंबदेव होते आणि ते आता केवळ ग्रंथांत उरले आहे. उलट तोरण्यास प्रचंडगड व रोहिड्यास विचित्रगड अशी नावे मिळूनही लोकांच्या तोंडी जुनी नावेच टिकली. कोणते नाव टिकेल, हे आदेशापेक्षा वापरावर अवलंबून असते. म्हणून जुनी नावे नोंदवून ठेवणे हे नामांतराचे समर्थन वा विरोध यांहून निराळे आणि अधिक निकडीचे काम आहे.

समारोप

गडांचे जतन दगडाच्या डागडुजीने होऊ शकते. गावांच्या इतिहासाचे जतन नोंदींनीच होते. बुडालेल्या गावठाणांची मांडणी, शेतांची व पाणवठ्यांची नावे, ग्रामदैवतांचे मान आणि पुनर्वसनाच्या आठवणी आज वृद्ध ग्रामस्थांच्या स्मरणात आहेत. ती पिढी हळूहळू कमी होत आहे. परिसरातील महाविद्यालयांचे विद्यार्थी बहुतांशी याच गावांतून येतात. त्यांना आपल्या आजी-आजोबांकडून ही माहिती लिहून घेण्यास सांगणे, हा अल्पखर्चाचा व तातडीचा संशोधनप्रकल्प ठरेल. जेध्यांनी दप्तर जपले म्हणून सतराव्या शतकातील कारी आपणांस दिसते. विसाव्या शतकातील कांबरे पुढील पिढीस दिसावयाचे असेल, तर ते दप्तर आपणांसच लिहावे लागेल.