परळला सापडलेला रक्तगट

बंगळूरहून कोलारच्या वाटेवर होसकोटे लागतं. तिथल्या वैद्यकीय महाविद्यालयात काय किंवा मिरजेत काय, पहिल्या वर्षाचं रक्तगटाचं प्रात्यक्षिक सारखंच. बोट टोचायचं, काचपट्टीवर दोन थेंब घ्यायचे, एकात अँटी-ए आणि दुसऱ्यात अँटी-बी मिसळायचं. पेशींचे पुंजके एका थेंबात दिसले तर ए किंवा बी, दोन्हींत दिसले तर एबी, कुठेच नाहीत तर ओ. या शेवटच्या निष्कर्षातली चूक जीवावर बेतू शकते, हे मुंबईत परळला उघड झालं.

व्हिएन्नात कार्ल लँडस्टायनर यांनी १९०१ साली रक्तगट दाखवून दिले. पुढे ‘ओ’ म्हणजे कुणालाही चालणारं रक्त, अशी समजूत रूढ झाली. मग परळच्या केईएम रुग्णालयातल्या आणि सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयातल्या डॉ. वाय. एम. भेंडे यांच्यापुढे दोन जखमी आले, एक रेल्वे अपघातातला, दुसरा भोसकलेला. त्यांच्या तांबड्या पेशी ‘ओ’सारख्या वागत होत्या, पण त्यांचा रक्तद्रव ‘ओ’च्या पेशींचेही पुंजके करत होता. भेंडे, देशपांडे आणि भाटिया यांनी लंडनच्या रेस, सँगर, मॉर्गन आणि वॉटकिन्स यांच्यासह हा शोध १९५२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मांडला. जगभर त्याला बॉम्बे रक्तगट म्हणतात.

त्यातून जे कळलं ते फार मोलाचं आहे. पेशीवरच्या एका साखर-साखळीच्या टोकाला आधी फ्यूकोज जोडली जाते आणि ‘एच’ तयार होतो. त्यावर आणखी एक साखर चढली की ए किंवा बी. ‘ओ’ गटात ती चढत नाही, म्हणून उघडा ‘एच’ तिथेच सर्वांत जास्त असतो. बॉम्बे गटात ‘एच’च बनत नाही. ए किंवा बीचं जनुक शाबूत असूनही त्याला काम करायला जागाच उरत नाही, आणि शरीर ‘एच’विरुद्ध प्रतिपिंडं तयार ठेवतं. अशा माणसाला ‘ओ’चं रक्त चढवलं तर त्या पेशी फुटतात.

एका जनुकाचं काम दुसऱ्यावर अवलंबून असतं, ही संकल्पना मला याहून स्पष्टपणे कुठेच दिसलेली नाही. १९५५ मध्ये अमेरिकेत फिलिप लेव्हिन यांनी एक कुटुंब अभ्यासलं. त्यातली आई तपासणीत ‘ओ’सारखी, पण अपत्यात तिच्याकडूनच बी आलेला! मूळ दोष पुढे एकोणिसाव्या गुणसूत्रावरच्या एफयूटी-१ जनुकात सापडला. भारतीयांतल्या नेहमीच्या प्रकारात एकाच अक्षराचा बदल होतो आणि फ्यूकोज जोडणाऱ्या विकरात ल्युसिनच्या जागी आर्जिनिन येतं.

म्हणून केवळ पेशी तपासून थांबू नये, रक्तद्रवही ओळखीच्या ए, बी आणि ओ पेशींशी ताडून पाहावा, हे शिकवताना मी हट्टानं सांगेन. बॉम्बे गट भारतात साधारण १०,००० मध्ये एक आढळतो, युरोपात दहा लाखांत एक. बंगळूरचं संकल्प इंडिया फाउंडेशन अशा दात्यांची नोंद ठेवतं आणि गरजूंशी गाठ घालून देतं. अशी व्यक्ती सापडली की सख्खी भावंडं आधी तपासतात. आईवडील दोघेही दोषी जनुकाचे वाहक असतील, तर प्रत्येक भावंडाचा गट तोच असण्याची शक्यता चारात एक असते.