शोधयंत्राची परस्पर अदलाबदल

आदिलाबाद जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून पैनगंगा वाहते. तिच्या दक्षिण तीरावर बेला, जैनथ, तामसी, भीमपूर या भागांत मराठी बोलणारी पुष्कळ कुटुंबे पिढ्यानपिढ्या नांदत आली आहेत. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा या जिल्ह्याचे किनवट व राजुरा हे तालुके तत्कालीन मुंबई राज्यात गेले आणि उरलेला जिल्हा आंध्र प्रदेशात राहिला. २०१४ पासून तो तेलंगणात आहे. रेषा कागदावर आखली गेली, पण सोयरिकी नदीच्या दोन्ही तीरांवर राहिल्या आणि काही घरांच्या जमिनीही. अशा घरातील मुलाला पलीकडच्या शेताचा सातबारा ‘महाभूलेख’वर पाहावा लागतो. अलीकडच्या शेताची नोंद २०२० च्या ऑक्टोबरपासून ‘धरणी’ या संकेतस्थळावर होती. २०२५ च्या एप्रिलमध्ये धरणीची जागा ‘भूभारती’ने घेतली.

सरकारी दप्तराचे नाव असे बदलले की जुना पत्ता निरुपयोगी होतो. नवा पत्ता पाठ नसतो. मग मनुष्य काय करतो? संगणकाच्या किंवा मोबाईलच्या पडद्यावर ब्राउझर उघडून वरच्या चौकटीत ‘भूभारती’ एवढाच शब्द लिहितो आणि जे पहिले उत्तर येईल त्यावर बोट ठेवतो. ते उत्तर सरकारने दिलेले नसते. ते शोधयंत्राने, म्हणजे सर्च इंजिनने, दिलेले असते. कोणते शोधयंत्र उत्तर देणार हे बहुधा त्या मनुष्याने ठरवलेले नसते. ते कोणीतरी आधीच ठरवून ठेवलेले असते. इंग्रजीत त्याला ‘डिफॉल्ट’ म्हणतात. हे डिफॉल्ट कोणी चोरपावलांनी बदलले, तर घराचे दार जागच्या जागी राहून त्यामागचा रस्ताच दुसरीकडे वळावा तसा प्रकार होतो. शेताचा उतारा शोधणारा शेतकरी अथवा शिष्यवृत्तीचा अर्ज शोधणारी विद्यार्थिनी हुबेहूब सरकारी दिसणाऱ्या खोट्या पानावर जाऊन पडू शकते. तेथे आधार क्रमांक मागतात, बँकेचा क्रमांक मागतात, ‘शुल्क’ही मागतात. तेव्हा हा प्रश्न केवळ संगणकवाल्यांचा नव्हे. त्याचा इतिहास ठाऊक असला तर त्यावरचा उपायही समजतो.

शोधयंत्राची ही जागा पैशाच्या मोलाची आहे हे फार लवकर ध्यानात आले. १९९० च्या दशकात नेटस्केप नावाचा ब्राउझर सर्वाधिक वापरात होता. त्यावर शोध घेण्यासाठी एक बटण होते. १९९६ साली याहू, एक्साइट, लायकॉस, इन्फोसीक व मॅजेलन या पाच शोधसंस्थांनी त्या बटणामागे जागा मिळावी म्हणून नेटस्केपशी प्रत्येकी वार्षिक सुमारे पन्नास लाख डॉलरचे करार केले. गूगल या कंपनीचा तेव्हा जन्मही झाला नव्हता. ती १९९८ साली निघाली. ज्या वस्तूला उघड बाजारात एवढी किंमत येते, तिच्यावर चोराची दृष्टी न जाती तरच नवल.

ती दृष्टी लवकरच गेली. २००३ च्या सुमारास ‘कूलवेबसर्च’ नावाचा उपद्रव जगभर पसरला. तो त्या काळी सर्वत्र असलेल्या इंटरनेट एक्स्प्लोरर या ब्राउझरमधील उणिवांतून आत शिरे, आरंभीचे पान व शोधपान बदलून टाकी आणि मालकाने ते पूर्ववत केले तरी पुन्हा आपलेच पान आणून ठेवी. त्याचे प्रकारही भराभर बदलत. यावर पहिला परिणामकारक उतारा कोणा मोठ्या कंपनीने काढला नाही; तो मेरिन बेलेकॉम या नेदरलंड्समधील विद्यार्थ्याने काढला. कूलवेबसर्च उपटून काढणारे एक साधन त्याने लिहिले आणि ‘हायजॅकधिस’ नावाचे दुसरे, अधिक व्यापक साधनही लिहिले. दोन्ही त्याने लोकांना विनामूल्य दिली.

हायजॅकधिसची रीत मोठी बोधप्रद होती. ‘हे वाईट, हे चांगले’ असा निवाडा ते करीत नसे. ब्राउझरमध्ये ज्या ज्या ठिकाणी फेरफार करता येतो, त्या सर्व ठिकाणांची यादी ते मालकापुढे मांडी. पुढचा विचार मालकाने स्वतः किंवा जाणत्याला विचारून करायचा. गावचा जुना तलाठी शिवारातील एकेक बांध पायाखाली घालून कोणता दगड सरकला हे पाही, त्याच जातीचे हे काम होते. आजही दुरुस्तीचे मूळ तत्त्व हेच आहे : आधी बदल कोठे कोठे होऊ शकतो ते जाणावे, मग हात लावावा.

यानंतर चोरीचे रूप बदलले. दार फोडण्याऐवजी संमतीचे सोंग घेण्यात आले. एखादा फुकट मिळणारा प्रोग्राम उतरवून घ्यावा, तो बसवताना लागोपाठ चार-पाच पाने पुढे यावीत, प्रत्येकावर ‘पुढे’ म्हणून दाबावे, आणि त्यांपैकी एका पानावर बारीक अक्षरांत आधीच खूण केलेली ओळ असावी की अमुक टूलबार बसवण्यास व शोधयंत्र बदलण्यास आपली मान्यता आहे. जावासारख्या प्रतिष्ठित प्रणालीबरोबरही अनेक वर्षे ‘आस्क’चा टूलबार असाच येत असे. बॅबिलोन या शब्दकोशाच्या प्रोग्रामबरोबर येणारा टूलबारही याच कारणाने पुष्कळांच्या नकोसा परिचयाचा झाला. एका शब्दाचा अर्थ पाहण्यासाठी कोश घ्यावा आणि त्याने घरातील सारी कपाटेच आपल्या सोयीने लावून ठेवावीत, असा तो मासला होता. कायद्याच्या भाषेत मनुष्याने ‘हो’ म्हटलेले असे. व्यवहारात त्याला कोणी विचारलेलेच नसे.

लोकांच्या तक्रारी वाढल्या तेव्हा ब्राउझर बनवणाऱ्यांना जाग आली. आपल्या प्रणालीत परस्पर फेरफार झालेले दिसतात, मूळ मांडणी परत आणावी काय, असे विचारणारी सूचना क्रोमने २०१४ च्या आरंभी विंडोजवरील वापरणाऱ्यांना देण्यास प्रारंभ केला. फायरफॉक्सने २०१५ च्या अखेरीस मोझिलाची स्वाक्षरी नसलेल्या एक्स्टेन्शनांना, म्हणजे ब्राउझरला जोडल्या जाणाऱ्या उपप्रणालींना, मज्जाव केला. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने आस्क टूलबारच्या जुन्या आवृत्त्यांना अनिष्ट प्रणालींच्या यादीत घातले. पहारा कडक झाला, परंतु वाट पुरती बंद झाली नाही.

याचे प्रत्यंतर २०१७ साली आले आणि त्यात भारताचे नाव ठळकपणे घेतले गेले. चेक पॉइंट या सुरक्षासंस्थेने त्या वर्षीच्या जूनमध्ये ‘फायरबॉल’ नावाच्या उपद्रवाचा वृत्तांत प्रसिद्ध केला. बीजिंगमधील राफोटेक ही जाहिरात कंपनी त्यामागे आहे असे त्यात म्हटले होते. फुकट प्रोग्रामांच्या पोटात बसून फायरबॉल संगणकात येई व आरंभीचे पान आणि शोधयंत्र बदलून तेथे एक बनावट शोधयंत्र बसवी. ते शोधयंत्र मनुष्याचा प्रश्न पुढे याहूकडे किंवा गूगलकडे नेऊन देई. उत्तरे नेहमीसारखीच दिसत, म्हणून संशय येत नसे; मधल्या मध्ये माहिती मात्र टिपली जाई. जगात पंचवीस कोटी संगणकांना याची बाधा झाली असून त्यांपैकी दोन कोटी त्रेपन्न लाख भारतात आहेत, असा चेक पॉइंटचा अंदाज होता. कोणत्याही देशापेक्षा तो अधिक होता. प्रत्यक्ष प्रसार याहून पुष्कळ कमी आहे, असे मायक्रोसॉफ्टने त्याच महिन्यात सांगितले. आकड्यांचा वाद बाजूला ठेवला तरी दुखणे आपल्या दाराशी होते यात शंका नाही. योगायोग असा की त्याच वर्षी फेब्रुवारीत केंद्र सरकारने ‘सायबर स्वच्छता केंद्र’ सुरू केले होते. सर्ट-इन या सरकारी संस्थेच्या या केंद्राकडून संगणक साफ करण्याची साधने विनामूल्य मिळतात.

आता दुरुस्तीचा क्रम पाहू. शोधयंत्र आपोआप बदललेले दिसले की पुष्कळ लोक थेट सेटिंगमध्ये जाऊन जुने नाव निवडतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच परका चेहरा पाहून निराश होतात. कारण त्यांनी पाटी बदलली, पाटी लावणारा तसाच राहिला. म्हणून प्रथम एक्स्टेन्शनांची यादी उघडावी आणि ज्याचे नाव किंवा काम ओळखता येत नाही ते काढून टाकावे. नंतर विंडोजमधील प्रोग्रामांची यादी तारखेप्रमाणे लावावी. उपद्रव ज्या दिवशी सुरू झाला त्याच्या आगेमागे आलेला अनोळखी प्रोग्राम बहुधा मूळ असतो. तो काढल्यावर मगच सेटिंगमध्ये शोधयंत्र निवडावे, परकी नावे यादीतून पुसावीत आणि आरंभीचे पानही तपासावे. ब्राउझरच्या चित्रावर उजवी कळ दाबून त्याच्या गुणधर्मांत पत्त्यापुढे एखादे परके संकेतस्थळ चिकटवलेले नाही ना, हेही पाहावे. एवढ्यानेही न भागल्यास मूळ मांडणी परत आणण्याची सोय ब्राउझरमध्येच असते; तिने साठवलेले पत्ते व पासवर्ड सहसा जात नाहीत. घरच्या संगणकावर ‘हा ब्राउझर आपल्या संस्थेच्या नियंत्रणाखाली आहे’ अशा अर्थाची ओळ दिसली, तर मात्र जाणत्या कारागिराला दाखवावे. कारण घराला कोणती संस्था नसते आणि ही ओळ कधीकधी उपद्रवी प्रोग्रामनेच मागे ठेवलेली असते. मोबाईलवर अनोळखी ॲप काढून टाकणे आणि कोणत्या संकेतस्थळांना सूचना पाठवण्याची मुभा दिली आहे ते पाहणे, यात बरेच काम होते.

येथपर्यंतची कथा चोरांची झाली. परंतु शोधयंत्र आधीच ठरवून ठेवण्याचे काम सावही करीत आले आहेत. २०१४ च्या अखेरीस फायरफॉक्सने अमेरिकेत गूगल काढून याहू बसवले आणि २०१७ मध्ये पुन्हा गूगल आणले. दोन्ही वेळा निर्णय करारांनी झाला. भारतात हा प्रश्न मोबाईलच्या वाटेने पुढे आला. आदिलाबादेत ‘सीसीआय’ ही अक्षरे उच्चारली की कोणाला कापूस खरेदी करणारे महामंडळ आठवते, तर कोणाला शहराजवळचा बंद पडलेला सिमेंटचा कारखाना. याच आद्याक्षरांची तिसरी एक संस्था दिल्लीत आहे : भारतीय स्पर्धा आयोग. त्या आयोगाने २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये अँड्रॉइड मोबाईलच्या प्रकरणात गूगलला १,३३७.७६ कोटी रुपये दंड केला आणि नवा फोन सुरू करतानाच मालकाला आपले शोधयंत्र निवडता आले पाहिजे, असेही बजावले. २०२३ च्या जानेवारीत गूगलने भारतात तशी निवड देण्याचे जाहीर केले. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये अपील न्यायाधिकरणाने काही निर्देश रद्द केले, तरी दंड कायम ठेवला.

अमेरिकेतही हाच प्रश्न न्यायालयात उभा होता. तेथील न्यायाधीश अमित मेहता, ज्यांचा जन्म गुजरातेतील पाटणचा, यांनी ५ ऑगस्ट २०२४ रोजी गूगलने शोधाच्या क्षेत्रात बेकायदा मक्तेदारी राखल्याचा निर्णय दिला. इतरांच्या ब्राउझरांत व फोनांत आपलेच शोधयंत्र आधीपासून असावे, एवढ्यासाठी गूगलने २०२१ या एका वर्षात २,६३० कोटी डॉलर दिले होते, हे त्या खटल्यात उघड झाले. १९९६ मधील पन्नास लाखांशी हा आकडा ताडून पाहिला म्हणजे त्या लहानशा चौकटीची किंमत कळते.

चोर व कंपनी यांना एका मापाने मोजणे अर्थातच न्यायाचे होणार नाही. एक फसवून शिरतो. दुसरी करार करून येते आणि बदल करण्याची सोय निदान खुली ठेवते. तथापि दोघांचाही भरवसा मनुष्याच्या एकाच सवयीवर असतो : जे समोर मांडून ठेवले आहे ते तो बदलणार नाही. एवढी रक्कम मोजली गेली ती याच सवयीपायी. म्हणून खरी दुरुस्ती त्या सवयीची आहे. आयोगाने निवडीचे पान पुढे आणून ठेवले, तरी ते न वाचता ‘पुढे’ दाबणाऱ्यास त्याचा उपयोग नाही.

बेला किंवा भीमपूरच्या घरात एखादा मुलगा वडिलांना शेताची नोंद काढून देतो, तेव्हा त्याने दोन गोष्टी कराव्यात. कोणते शोधयंत्र उत्तर देत आहे ते आधी पाहावे. आणि सरकारी संकेतस्थळाचा खरा पत्ता एकदा खात्रीने मिळाला की तो ब्राउझरमध्ये साठवून ठेवावा, म्हणजे प्रत्येक वेळी परक्याला वाट विचारावी लागणार नाही. नदीवरची सीमा कोठे असावी हे त्या घराला कोणी विचारले नाही. पडद्यावरच्या चौकटीपुरता तो अधिकार अजून त्याच्या हाती आहे, आणि तो बजावायला दोन मिनिटे पुरतात.