बैलगाडीचं वंगण आणि सायकलची चेन

महाड हे एकेकाळी सावित्रीवरचं गजबजलेलं बंदर होतं. देशावरचा माल वरंधा आणि आंबेनळीच्या घाटांनी खाली उतरायचा. आधी बैलांच्या पाठीवरून, आणि एकोणिसाव्या शतकात गाडीरस्ते झाल्यावर बैलगाड्यांतून. गाडीच्या कण्याला वंगण म्हणून एरंडेल चाले. ते स्वस्त, दाट आणि चिवट. ओझ्याखाली दबूनही कण्यावरून हलत नाही, हा त्याचा मोठा गुण. त्यासाठीच पहिल्या महायुद्धातल्या विमानांच्या फिरत्या इंजिनांत एरंडेल घालत. शिवाय ते पेट्रोलमध्ये सहजी विरघळत नाही.

मग सायकल आली. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात १८८८ मध्ये सायकलींचं दुकान काढलं, तेव्हा मँचेस्टरच्या हॅन्स रेनॉल्डनं रोलर चेन बनवल्याला जेमतेम आठ वर्षं झाली होती. डोंगरउतारावरच्या गावाला पायवाटच सोयीची; सायकलीला मानवतो तो खालचा, नदीकाठचा रस्ता.

दाट ते चांगलं, हा कण्याचा नियम चेनला लागू पडत नाही. चेनची झीज बाहेरून दिसत नाही. ती होते प्रत्येक कडीच्या आत, पिन आणि तिच्याभोवतीच्या बुशच्या सांध्यात. तिथल्या बारीक फटीत शिरायला तेल पातळच हवं. वर थापलेलं ग्रीस आत पोचतच नाही. उलट लाल माती धरून ठेवतं, आणि ती माती तेलात कालवली की लोखंड घासून काढते.

घरातलं तेलही कामाचं नाही. खोबरेल साधारण २४ अंशांखाली थिजतं, म्हणजे पौषातल्या पहाटे सांध्यात गोठून बसणार. करडई, जवस ही तेलं हवेनं चिकट होतात, त्यांचा राप चढतो.

न्यू जर्सीच्या जॉर्ज कोल यांनी १८९४ मध्ये ‘थ्री-इन-वन’ तेल काढलं ते सायकलीसाठीच. आपल्याकडे तेच काम शिलाई मशीनच्या तेलानं केलं. सिंगरची यंत्रं एकोणिसाव्या शतकातच भारतात विकली जाऊ लागली, आणि शिंप्याच्या टेबलावर ती चोचीची तेलाची डबी आली. छोट्या बाटलीतलं हे पातळ खनिज तेल आजही चेनसाठी परवडणारा सगळ्यात सरळ पर्याय आहे: एकेका रोलरवर एकेक थेंब, पेडल उलटं फिरवायचं, आणि वरचं तेल फडक्यानं पुसून टाकायचं. पुसणं लोक टाळतात, खरं तर निम्मं काम तेच.

गॅरेजमधलं जळकं ऑइल फुकट मिळतं म्हणून चेनवर ओतणं मात्र महागात पडतं. इंजिनात झिजलेल्या धातूची पूड त्यात असते, आणि ते कातडीलाही वाईट.

महाड-पोलादपूरच्या पावसात मशीनचं तेल टिकत नाही, पहिल्या जोरदार सरींतच धुऊन निघतं. आषाढ-श्रावणात त्यापेक्षा जरा दाट, मोटारसायकलचं नवं इंजिन ऑइल थेंबाथेंबानं घालावं. भिजून आल्यावर चेन आधी कोरडी करावी आणि मगच तेल द्यावं. दसऱ्यानंतर रस्ते वाळून धूळ उडू लागली की रॉकेलनं चेन धुऊन पुन्हा पातळ तेलावर यावं.